प्रति : पडीक खाजनात कांदळ लावून भागेल का?

हवेतून कार्बन खेचणारी महागडी यंत्रं कशाला, पडीक खाजनांत (गोव्यात खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल जमिनींत) कांदळ लावले की झालं, हे वरचं मत मला अर्धंच पटतं. कांदळवनाचा खरा साठा झाडांत कमी, चिखलात जास्त. जागतिक सरासरी धरली तर एक हेक्टर चिखलात वर्षाला जेमतेम 2 टन कार्बन गाडला जातो, म्हणजे सुमारे 7 टन कार्बन डायऑक्साइड. एवढा वायू साधारण 2,700 लिटर डिझेल जाळलं की हवेत जातो. तेव्हा डिझेल जाळायला सूट म्हणून हा आकडा वापरणं चूकच.

दुसरं, या चर्चेत कुणी मिथेन हिशेबात धरलेला नाही. खाऱ्या पाण्यातलं सल्फेट मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना दाबून ठेवतं, पण पावसाळ्यात मांडवी-झुवारीचं पाणी, विशेषतः वरच्या भागात, जवळजवळ गोडं होतं. त्यात मानशीचं, म्हणजे खाजनाच्या बांधातल्या पाणी सोडण्या-अडवण्याच्या वाटेचं, दार बंद राहून पाणी साचलं तर मिथेन वाढतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो. म्हणून नुसती उन्हाळ्यातली मोजणी फसवी.

कार्बन मोजायला चिखलाचा नमुना किमान 1 मीटर खोल हवा. नळी खुपसताना चिखल दबतो, तेव्हा आतली आणि बाहेरची खोली दोन्ही मोजून घ्या, नाहीतर घनता चुकते. आपल्या चिखलात खुब्या-तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा चुरा भरपूर. विश्लेषक यंत्रात घालण्याआधी तो सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने काढला नाही, तर चुन्यातला कार्बनही झाडांच्या नावावर जमा होतो.