निवृत्त जपानी फुटबॉलपटूंत लोकांचा लाडका कोण? नाकाता कितवा?

केतकी_योकोहामा
मंडळी, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत यावरून जुंपली. साठीच्या साहेबांनी कामामोतोचं नाव घेतलं. माझ्या वयाच्या मुलींनी शुन्सुके नाकामुराचं (इथल्याच मारिनोस क्लबचा ना तो!), तर नव्या पोरांनी ओकाझाकीचं, कारण त्याच्या लेस्टर संघाचं २०१६ चं इंग्लिश लीगचं विजेतेपद त्यांनी पाहिलंय. हिदेतोशी नाकाता पार चौथ्या नंबरावर! तुमचं काय मत?

डावखुरा
चौथा? छे! माझ्या लेखी नाकाता पहिलाच.

१६ नोव्हेंबर १९९७, जोहोर बाहरू. इराणवर ३-२ असा विजय आणि जपान पहिल्यांदा विश्वचषकात. तिन्ही गोलांमागे नाकाता. शेवटचा गोल ओकानोच्या नावावर आहे, पण गोलरक्षकाच्या हातातून सुटलेला तो फटका नाकाताचाच होता.

पुढच्याच वर्षी पेरूजाकडून इटलीत पहिला सामना, समोर युव्हेंटस. पेरूजा ३-४ हरलं, पण दोन गोल एकट्या नाकाताचे.

आणि ६ मे २००१ विसरून कसं चालेल? नाकाता तेव्हा रोमात. तुरीनमध्ये युव्हेंटसविरुद्ध रोमा ०-२ ने मागे. प्रशिक्षक कापेल्लोंनी चक्क संघाचा कर्णधार तोत्तीला बाहेर बोलावून नाकाताला उतरवलं. त्याने लांबून असा गोल हाणला की मी आजही तो लावून बघतो. मग शेवटच्या क्षणी त्याचाच फटका गोलरक्षकाने परतवला आणि मोंतेल्लाने तो आत ढकलला, २-२. इटालियन लीगच्या हंगामाअखेर रोमा ७५ गुण, युव्हेंटस ७३ (जिंकल्यास ३ गुण, बरोबरीला १). तो सामना हरले असते तर हिशेब ७४ विरुद्ध ७५ झाला असता, म्हणजे विजेतेपद तुरीनला गेलं असतं. १८ वर्षांनी रोमाला मिळालेल्या त्या विजेतेपदात एका जपानी माणसाचा एवढा वाटा आहे.

जुना_गडी
डावखुरा, तुमच्या प्रेमाचा आदर आहे, पण साहेबांचं चुकलं नाही. कामामोतोचे देशासाठी ७६ सामन्यांत ७५ गोल. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये ७ गोल करून सर्वाधिक गोल त्याचेच, जपानला कांस्य. तेव्हा जपानात व्यावसायिक लीगही नव्हती. आणि युरोपात आधी गेला तो ओकुदेरा, १९७७ साली, जर्मनीतल्या कोलोन क्लबकडे. पुढच्याच वर्षी जर्मन लीग जिंकली. या दोघांना यादीत वर घ्या.

डावखुरा
ओकुदेराचा मान मोठा, मान्य. गोलांच्या यादीत कामामोतो वरच, त्यावर वादच नाही. पण प्रश्न लाडका कोण हा आहे. २९ व्या वर्षी, २००६ च्या विश्वचषकात ब्राझीलकडून ४-१ हरल्यावर नाकाता मैदानात आडवा पडून राहिला आणि काही दिवसांतच निवृत्त झाला. अजून खेळायला हवा होता, असं ज्याच्याबद्दल आजही वाटतं, तो माझा पहिला.

केतकी_योकोहामा
दोघांचेही आभार! तुरीनचा तो गुणांचा हिशेब उद्या ऑफिसात सांगते. साहेबांना मात्र कामामोतोवरून हलवणं अवघडच.