मदत हवी आहे : अंधुक उजेडासाठी इल्युमिनेटेड रेटिकलची (उजळणाऱ्या फुलीची) दुर्बीण घ्यावी का?

सर्व जाणकारांना नमस्कार.

माझ्याकडे ४.५ मिमी छर्ऱ्याची, नळी मोडून स्प्रिंग ताणायची एअर रायफल आहे. तिची ताकद २० ज्यूलच्या आत असल्यामुळे २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार तिला परवाना लागत नाही. नेम फक्त कागदावर धरायचा आहे, शिकारीचा विषय नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे चर्चा भलतीकडे जाणार नाही. २०२४ मध्ये नेमबाज स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्यपदक मिळवले आणि माझी माळ्यावर धूळ खात पडलेली रायफल खाली उतरली. मात्र दरम्यान चाळिशी उलटून बरीच वर्षे झाली असल्याने मागची खाच, पुढची माशी आणि निशाण या तिन्ही गोष्टी आता एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत, म्हणून ४×३२ ची (४ पट मोठे दाखवणारी, पुढचे भिंग ३२ मिमीचे) साधी दुर्बीण बसवून घेतली.

अडचण पावसाळ्यातली आहे. कोल्हापूरचा पाऊस एकदा लागला की उघड्यावर सराव होत नाही, त्यामुळे करवीर तालुक्यातल्या आमच्या गुऱ्हाळाच्या शेडमध्ये सराव करतो. हंगाम सुरू होईपर्यंत काहील पालथी आणि चुलवाण थंड असते, त्यामुळे शेड मोकळेच असते. पलीकडच्या टोकाला वाळूची पोती रचून त्यांच्यापुढे कार्ड लावले की सुमारे २५ मीटर अंतर मिळते. पण वर पत्रा, भिंती वर्षानुवर्षांच्या धुराने काळ्या आणि बाहेर आभाळ भरलेले, अशा वेळी कार्डाचा पांढरा भाग दिसतो, पण दुर्बिणीतली काळी फुली कार्डावरच्या काळ्या गोलात शिरली की दिसेनाशी होते. फुलीचे चारही हात गोलाच्या कडेपर्यंत दिसतात आणि नेमका मध्य कोठे आहे, ते अंदाजाने ठरवावे लागते.

शहरातल्या एका दुकानात ३-९×४० ची, लाल-हिरवी उजळणारी दुर्बीण पाहिली. ट्यूबलाइटच्या झगझगाटात ती फुली फारच देखणी दिसत होती, पण माझ्या शेडमध्ये ती कशी दिसेल, हे तेथे कळण्याचा मार्ग नव्हता. साधारण त्याच किमतीत ४-१२×४० ची, फुली न उजळणारी, परंतु पुढची रिंग फिरवून पॅरलॅक्स (डोळा हलला की फुली निशाणावर सरकल्यासारखी दिसण्याचा दोष) १० यार्डांपर्यंत जुळवता येणारी दुसरी दुर्बीणही आहे. दोन्ही गुण एकत्र असलेली दुर्बीण माझ्या खर्चाच्या मर्यादेबाहेर जाते. तेव्हा पैसे उजेडावर खर्च करावेत की पॅरलॅक्सवर, याबद्दल अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपण अडचण नेमकी मांडली आहे, त्यामुळे उत्तरही नेमके देता येईल. पॅरलॅक्सवर खर्च करा.

आपण वापरता ते छापील कार्ड १० मीटरच्या स्पर्धेचे असावे, असे वर्णनावरून वाटते. ते दुर्बिणीसाठी बनलेलेच नाही. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालत नाही. तेथे डायऑप्टरमधून, म्हणजे मागच्या बारीक छिद्रातून, पाहून पुढच्या कड्याच्या मधोमध काळे वर्तुळ बसवायचे असते, आणि त्यासाठीच १० मीटरच्या कार्डावर ३०.५ मिमी व्यासाचा भरीव काळा गोल असतो. दुर्बिणीतल्या बारीक काळ्या फुलीला मात्र हाच गोल गिळून टाकतो. कार्ड उलटे लावा आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर लाल स्केचपेनने रुपयाच्या नाण्याएवढी पोकळ चौकट काढा. निम्मी तक्रार तेथेच मिटेल. उरलेल्या निम्मीसाठी कार्डाच्या वर, छर्ऱ्याच्या वाटेबाहेर, एक एलईडी दिवा टांगा. छताखाली सराव करणाऱ्याने दिवा निशाणावर लावावा, दुर्बिणीत नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण रेटिकल उजळल्याने निशाण उजळत नाही, फक्त फुलीचा रंग बदलतो. शिवाय अंधारात तो रंग गरजेपेक्षा प्रखर असला तर डोळ्याची बाहुली आकसते आणि मागचे निशाण आणखीच काळवंडते. त्यामुळे अशा दुर्बिणीची सर्वांत मोठी पायरी पाहू नये, सर्वांत मंद पायरी पाहावी, आणि तीही दुकानात नव्हे, तर जवळच्या अंधाऱ्या जिन्यात किंवा गोदामात जाऊन. स्वस्त दुर्बिणींत अख्खी फुली पेटते आणि नळीच्या आत लाल धूसरपणा पसरतो. फक्त मधला ठिपका किंवा छोटी फुली उजळणारी, आणि रेटिकल काचेवर कोरलेले असलेली दुर्बीण त्यापेक्षा बरी, कारण सीआर २०३२ ची गोल बॅटरी संपली तरी काळी फुली जागेवरच राहते.

मोठेपणा वाढवल्याने अंधारात अधिक दिसेल, हाही समज सोडून द्यावा. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले मोठेपणा, इतक्या मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. आपल्या ४×३२ मध्ये तो ८ मिमी आहे, ४० मिमीच्या दुर्बिणीत ९ पटीला ४.४ आणि १२ पटीला ३.३ मिमी उरतो. म्हणजे नवी दुर्बीण घेतल्यावरही ढगाळ दिवशी आपल्याला ती ५-६ पटींवरच ठेवावी लागेल.

पॅरलॅक्सची परीक्षा घरीच होते. रायफल पोत्यांवर स्थिर ठेवा, तिला हात न लावता डोळा थोडा डावी-उजवीकडे हलवा. फुली कार्डावर सरकताना दिसली, तर आजवर चुकलेल्या काही छर्ऱ्यांचा दोष आपल्या हाताचा नव्हता, असे समजा. जवळच्या अंतरावर हा दोष ठळक जाणवतो, आणि फुली कितीही उजळली तरी तो जात नाही.

शेवटची, पण खर्च वाचवणारी गोष्ट म्हणजे दुर्बीण स्प्रिंग रायफलसाठी चालते, असे उत्पादकाने लिहिलेले असलेच पाहिजे. स्प्रिंग सुटताना रायफल आधी मागे येते आणि पिस्टन थांबताच पुढे झटका देते. मोठ्या बंदुकीवर टिकणारी दुर्बीणही या उलट्या झटक्याने ढिली होऊ शकते.

धागाकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. कार्ड उलटे लावून पाहिले; चौकटीत फुली स्वच्छ दिसते. डोळा हलवल्यावर फुली मात्र चांगलीच सरकली, त्यामुळे आता ४-१२ चीच दुर्बीण घेत आहे. एकच शंका राहिली आहे. माझ्या रायफलवर दुर्बीण बसवायची ११ मिमीची खाच आहे, पण स्टॉप पिन (घसरण रोखणारी खीळ) बसवायला छिद्र नाही, आणि दुर्बीण धरणारे सध्याचे दोन सुटे माउंट काही छर्ऱ्यांनंतर मागे घसरतात. अशा वेळी एकसंध माउंट घेऊन भागेल, की त्याच्या मागे वेगळा अडसर बसवावाच लागेल?