आजारपणाच्या दिवसांतले छोटे आनंद : नेमकं काय करता, कसं करता?

परसदार
आज मंडईत समुद्रमेथीच्या जुड्या दिसल्या, मुळांना वाळू तशीच. तो वास आला आणि घरातलं एक लांबलेलं आजारपण आठवलं. ती हकिगत इथे नको, धागा वेगळ्यासाठी काढलाय. महिनोन्महिने पलंगावर असलेल्या माणसाला, आणि त्याचं सगळं करणाऱ्यालाही, वाट बघावी असं दिवसातून काहीतरी लागतं. ज्यांना यातलं माहीत आहे त्यांनी नेमकं लिहा. किती, कसं, कुठे बिघडतं.

माझ्याकडून मेथी. दोन मोठे चमचे दाणे रात्री भिजवा, सकाळी पाणी काढून एक दिवस ओल्या फडक्यात ठेवा. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला खाली पाच-सहा भोकं, दोन इंच माती, त्यावर दाणे दाट पसरायचे आणि वरून मातीचा अगदी पातळ थर. पाणी फवाऱ्यानेच. मगाने ओतलं की सगळे दाणे एका कोपऱ्यात गोळा होतात. दोन-तीन दिवसांत कोंब मातीची खपली डोक्यावर घेऊन वर येतात. ते बघायला डबा पलंगावरून दिसेल असाच ठेवायचा, नाहीतर मग बाजारातून जुडी आणलेली काय वाईट! आठ-दहा दिवसांनी कात्रीने कापा. पाणी जास्त झालं की बुरशी येते. मुळांजवळ पांढरी लव दिसली तर लगेच फेकू नका. फवारा मारल्यावर ती दिसेनाशी झाली तर ती मुळांची लव. तशीच राहिली आणि आंबूस वास आला तर बुरशी. दोन-तीन डबे चार-चार दिवसांच्या अंतराने पेरले तर रोज काहीतरी बदललेलं दिसतं.

रात्रपाळी
धागा फार चांगला. पण एक गोष्ट आधी सांगते, कारण हे वाचून कोणीतरी आजच डबा भरेल. केमो चालू असेल आणि पांढऱ्या पेशी खाली गेल्या असतील, तर माती, कुंडी, फुलदाणी पेशंटच्या खोलीत नको. मातीत आणि फुलदाणीच्या पाण्यात बुरशी, जंतू असतात. डबा खिडकीच्या काचेबाहेर ठेवा, आतून दिसू दे. मोड आलेली कडधान्यं, कोशिंबीर, कापून ठेवलेली फळं त्या दिवसांत कच्ची देऊ नका. मेथीही नीट शिजवूनच. घरी विरजलेल्या दह्याचंही आधी डॉक्टरांना विचारा. पेशी वर आल्या की ते पुन्हा सांगतात.

परसदार
ताई, हे लिहिलंत ते फार बरं झालं. काचेबाहेर, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा.

खिडकीपाशी
काचेबाहेरच ठेवायचं तर पक्ष्यांना पाणी. मातीचं पसरट भांडं, पाणी दीड-दोन इंच, मध्ये पाण्याबाहेर डोकं काढणारा एक खडबडीत दगड. खोल भांड्यावर चिमणी उतरत नाही. पहिले चार-पाच दिवस कोणी फिरकणार नाही, जागा बदलू नका. रोज पाणी बदलायचं आणि आठवड्यातून एकदा भांडं घासून कोरडं करायचं. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातही अंडी घालतो आणि ती भांड्याच्या कडेला चिकटतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. बुलबुल आंघोळ करून गेला की निम्मं पाणी बाहेर. पलंगावरून ती आंघोळ दिसली पाहिजे, त्या हिशोबाने उंची धरा.

गवती चहा
मऊभात!! आजारपणात जेवणात काही राम नसतो म्हणतात, पण तो भात नीट केलेला नसतो म्हणून. अर्धी वाटी आंबेमोहोर, चार वाट्या पाणी, मीठ, मंद आचेवर चार शिट्ट्या. झाकण पडलं की लगेच, गरम असतानाच डावाने घोटायचा. गार झाल्यावर घोटला तर गुठळ्या राहतात. मग तूप, मेतकूट. तोंडाला धातूसारखी चव येत असेल तर स्टीलचा चमचा बाजूला ठेवा, लाकडी किंवा प्लास्टिकचा घ्या. वासाने मळमळत असेल तर वाफाळता देऊ नका, कोमट द्या, वास कमी येतो. तोंड आलेलं असेल तर मेतकूट नको, झोंबतं. नुसता तूपभात.

रात्रपाळी
तोंड आलेलं असेल तर जेवणाआधी गुळण्याही करा. एक कप कोमट पाणी, पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा, त्याच्या निम्मं मीठ. गिळायचं नाही, थुंकायचं. मीठ वाढवलं तर फायदा वाढत नाही, आग वाढते.

सुईदोरा
मेतकुटात गहू घालता का तुम्ही लोक? आमच्याकडे हरभरा डाळ एक वाटी, उडीद डाळ अर्धी, तांदूळ पाव, गहू मूठभर. सगळं वेगवेगळं भाजायचं, हळद-हिंग-सुंठ शेवटी.

गवती चहा
गहू हवाच. आणि वेगवेगळं भाजणं फार महत्त्वाचं. एकत्र टाकलं तर उडीद करपतो नि हरभरा कच्चा राहतो.

एकटीच
सध्या घरी हेच चालू आहे. सगळं वाचतेय. नंतर लिहिते, कुकर झाला.

अक्षर
आज कशाबद्दल कृतज्ञ वाटलं त्याच्या रोज तीन ओळी वहीत लिहा असं सगळे सांगतात, म्हणून थोडं नेमकं. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांचे २००३ सालचे प्रयोग यात नेहमी सांगितले जातात. त्यातल्या एकात स्नायूंचे आणि नसांचे आजार असलेली माणसं होती आणि त्यांनी २१ दिवस रोज लिहिलं. नुसतं मन बरं वाटलं असं नाही, झोपही सुधारल्याचं त्यांनी सांगितलं. पण लोक कुठे चुकतात? 'कुटुंब, आरोग्य, घर' असं रोज तेच लिहितात आणि चौथ्या दिवशी वही बंद. वस्तू लिहा, वेळ लिहा, कोणामुळे ते लिहा. 'चार वाजता ऊन पायांवर आलं. शेजारच्या काकूंनी पडदा सरकवला.' एवढं बास. रोज जमत नसेल तर आठवड्यातून एकदाही चालतं. आणि वेदना चालू असताना पेशंटला 'आज चांगलं काय झालं ते सांग' असं कधीही म्हणू नका. दुखणं आधी ऐकायचं. वही पेशंटचं करणाऱ्याची असली तरी चालेल, पेशंटची हवीच असं नाही.

खिडकीपाशी
@एकटीच, जमेल तेव्हा लिहा, घाई नाही. आणि 'काही लागलं तर सांगा' म्हणणाऱ्यांना ठरावीक काम द्या. 'मंगळवारी चार ते पाच बसाल का?' असं विचारलं की लोक खरंच येतात. त्या तासात बाजार करू नका, गच्चीवर जाऊन बसा.

रात्रपाळी
अजून एक. डोकं धुणं. बेडरिडन माणसाचा चेहरा याने जितका उजळतो तितका कशानेच नाही.

उशी काढून ती खांद्यांखाली घ्या, डोकं पलंगाच्या कडेला. जुना टॉवेल घट्ट गुंडाळून घोड्याच्या नालेसारखा वळवा, त्यावर प्लास्टिकची मोठी शीट टाका म्हणजे पन्हळ तयार होते. शीटचं टोक खाली बादलीत. कानांत कापसाचे बोळे, पंखा बंद. तीन लिटर कोमट पाणी पुरतं, मनगटाच्या आतल्या बाजूवर टाकून बघा. शाम्पू अर्धा चमचा आणि तोही कपभर पाण्यात आधी कालवून, थेट डोक्यावर ओतलात तर धुण्यातच सगळं पाणी संपतं. बोटांच्या पेरांनी चोळा, नखं लावू नका. मानेमागे, केसांच्या रेषेत फेस राहतो आणि मग रात्रभर खाज. सगळं दहा मिनिटांत आटपा.

बिघडतं ते शीट मानेखाली नीट न बसल्याने. पाणी पाठीखाली जातं. ओली चादर तशीच राहिली तर कातडी नरम पडते आणि बेडसोअर लवकर होतात, म्हणून नंतर पाठीखाली हात घालून बघायचंच. मानेचं किंवा मणक्याचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

मग कोरडा टॉवेल, दोन थेंब तेल, आणि जुना रुंद दातांचा कंगवा सावकाश. बरेच जण तिथेच झोपी जातात. उठवू नका, फक्त कूस बदलायची वेळ लक्षात ठेवा, साधारण दर दोन तासांनी.

सुईदोरा
हे वाचताना डोळे भरून आले. ताई, तुमच्या हातांना नमस्कार.

गवती चहा
विषयांतर, पण मोगऱ्याची छाटणी झाली का कोणाची? माघात छाटून पानं काढली तर उन्हाळ्यात कळ्या येतात. कळ्या संध्याकाळी खुडून ओल्या फडक्यात ठेवा, रात्री उमलतात आणि खोलीभर वास. (पेशी कमी असतील तर ताईंनी वर लिहिलंय तसं, खोलीत नको.)

एकटीच
आले. मेथी भिजवली. श्रीखंडाचा डबा नाहीये घरात, दह्याचा चालेल ना?

परसदार
चालेल. भोकं मात्र सुरीने पाडू नका, डबा चिरतो. खिळा पक्कडीत धरून गॅसवर तापवा आणि आतून बाहेर दाबा. खाली बशी ठेवा, नाहीतर खिडकीची चौकट ओली राहील.