विषय: शाळेचा लॅपटॉप मधेच गोठतो (लिनक्स मिंट)

प्रेषक: मराठी शाळा, संयोजक

नमस्कार मंडळी,
विंडोज १०चे अपडेट ऑक्टोबर २०२५मध्ये बंद झाले, म्हणून शाळेच्या जुन्या इंटेल लॅपटॉपवर आपण विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ टाकलं. तेव्हापासून त्याचा नेम राहिलेला नाही. कधी तासभर छान चालतो, कधी पाच मिनिटांत पडदा गोठतो, माउससुद्धा हलत नाही. मग बटण दाबून धरून बंद करायचा. परवा बाराखडीची स्लाइड नेमकी 'ढ'वर अडकली आणि वर्गाला आयतीच करमणूक झाली. कुणाला काही सुचतंय का?

प्रेषक: एक सभासद

ताई, सरळ फॉरमॅट मारा आणि दुसरी डिस्ट्रो (लिनक्सचा दुसरा प्रकार) टाका. पेन ड्राइव्ह तयार आहे माझ्याकडे.

प्रेषक: वेबसाइट समिती

दादा, पेन ड्राइव्ह राहू द्या खिशात. नव्याने टाकलं तरी आय९१५ हाच इंटेल ग्राफिक्सचा ड्रायव्हर येणार, फार तर कर्नल (लिनक्सचा गाभा) थोडं मागचं-पुढचं.

ताई, पडदा गोठल्यावर मागे लावलेलं गाणं चालू राहतं का? कॅप्स लॉकचा दिवा दाबल्यावर लागतो-विझतो का? तसं असेल तर मशीन जिवंत आहे, फक्त ग्राफिक्सने मान टाकलीय. सगळंच ठप्प होत असेल तर रॅम आणि उष्णता तपासायची. रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावून ठेवा. दिवा आपोआप लुकलुकत असेल तर कर्नल पॅनिक, म्हणजे गाभाच कोसळला.

आणि ते बटण दाबून धरणं बंद करा. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून ठेवा आणि एस, यू, बी ही अक्षरं सावकाश, एकामागून एक दाबा. एसने राहिलेलं लिखाण डिस्कवर उतरतं, यूने डिस्कवर लिहिणं थांबतं, बीने रीबूट. लॉगही (मशीनने ठेवलेल्या नोंदी) शाबूत राहण्याची शक्यता वाढते. मग टर्मिनलमध्ये: सुडो जर्नलसीटीएल -के -बी -१ (आपल्या ईमेल लिस्टचा नियम देवनागरीचा, टाइप मात्र इंग्रजीत करा). हा मागच्या खेपेचा कर्नलचा लॉग. त्याचा शेवट पाठवा.

प्रेषक: मराठी शाळा, संयोजक

गाणं चालू राहतं, दिवाही लागतो. लॉगच्या शेवटी आय९१५च्या नावाने 'सीपीयू पाइप ए फिफो अंडररन' असं दिसतंय. आणखी एक: हॉलमध्ये झाकण मिटून नुसत्या प्रोजेक्टरवर चालवतो, तिथे कधीच अडकलेला नाही.

प्रेषक: वेबसाइट समिती

झाकणाचं सांगितलंत ते फार कामाचं! अंडररन म्हणजे पडद्याला चित्राचा पुरवठा वेळेवर झाला नाही. त्याची कारणं बरीच असतात, पण अडकतं फक्त लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर, तेही स्थिर स्लाइडवर. म्हणून माझा पहिला संशय पॅनेल सेल्फ रिफ्रेशवर. चित्र बदलत नसलं की पडदा स्वतःच्या मेमरीतलं चित्र दाखवत राहतो आणि ग्राफिक्सचा भाग तेवढा वेळ डुलकी काढतो. वीज वाचते. काही पॅनेलांवर मात्र ती डुलकी मोडताना घोळ होतो. प्रोजेक्टरच्या एचडीएमआयला ही भानगडच नाही.

आधी तात्पुरतं करून बघा. सुरू होताना एस्केप दाबून ग्रबचा (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आणा, ई दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून आय९१५.इनेबल_पीएसआर=० लिहा, एफ१० दाबा. हे त्या एका खेपेपुरतंच. आता बाराखडी लावून ठेवा आणि चहा घ्या.

प्रेषक: मराठी शाळा, संयोजक

चहा झाला, जेवण झालं, पूर्ण वर्ग झाला. अडकला नाही. आता कायमचं कसं करायचं?

प्रेषक: वेबसाइट समिती

ईटीसी फोल्डरात डिफॉल्ट, त्यात ग्रब नावाची फाइल. 'क्वाएट स्प्लॅश'च्या पुढे, अवतरणचिन्हाच्या आतच तेच शब्द लिहा, मग सुडो अपडेट-ग्रब. बॅटरी जरा लवकर उतरेल, पण वर्गात चार्जर असतोच. मोठं कर्नल अपडेट आलं की एकदा हे काढून बघा, कधीकधी दुरुस्ती झालेली असते.

प्रेषक: एक सभासद

माझ्या एनव्हिडिया ग्राफिक्स कार्डच्या लॅपटॉपवर हेच करू का? तोही गोठतो.

प्रेषक: वेबसाइट समिती

नको. हा पर्याय इंटेलच्या ड्रायव्हरचा आहे. तुम्ही लॉगमध्ये 'एक्सआयडी' (एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचा एरर कोड) शोधा आणि पुढचा आकडा कळवा. ७९ असेल तर कार्डचा मशीनशी असलेला जोडच (बस) तुटलाय. तिथे आधी उष्णता आणि वीजपुरवठा बघायचा. आणि नवा धागा काढा, ताईंच्या इनबॉक्सवर दया करा.