सरकारी रोखे म्हणजे नातवंडांवरचं कर्ज? मला हे अजिबात पटत नाही

जमाखर्च:
काल इथे एकाने लिहिलं, "सरकार रोखे काढतं म्हणजे आपल्या नातवंडांच्या नावावर उधारी करतं. हे रोखे बंदच करायला हवेत." खाली माना डोलावणारेच जास्त. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

रोखा म्हणजे सरकारने व्याजाने घेतलेल्या कर्जाचा कागद. त्या रोख्यांचा मालक कोण, हे कुणी विचारलं का? तुमच्या पीएफचा मोठा हिस्सा सरकारी रोख्यांत आहे. आयुर्विमा कंपनीला निदान निम्मा पैसा सरकारी आणि मान्यताप्राप्त रोख्यांत ठेवावाच लागतो. बँकेच्या प्रत्येक शंभर रुपयांच्या ठेवीमागे १८ रुपये एसएलआरचे, म्हणजे कायद्याने सुरक्षित जागी बाजूला ठेवायचे, आणि तेही मुख्यतः रोख्यांतच. म्हणजे नातवंडांच्या नावावर देणं आहे तसं येणंही आहे. शिवाय हे कर्ज बहुतांश रुपयांतलं आणि देशातल्याच लोकांकडून घेतलेलं. श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये हात वर केले ते परकी चलनातल्या कर्जापायी.

रोखे बंद केले तर कंपन्यांच्या कर्जाचा दर कशावरून ठरवायचा? दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावरचा परतावा हीच बाजाराची मोजपट्टी. रिझर्व्ह बँक रेपोने, म्हणजे थोड्या दिवसांच्या उसनवारीने, बँकांना पैसे देते तेही याच रोख्यांच्या तारणावर.

आधीचा मार्ग काय होता? १९५५ पासून तदर्थ ट्रेझरी बिलं. सरकारी खात्यात खडखडाट झाला की बिल फाडायचं आणि रिझर्व्ह बँकेकडून पैसे उचलायचे. एप्रिल १९९७ मध्ये ते थांबलं. आता रोख्यांच्या लिलावात उभं राहून बाजार मागेल तो दर मोजावा लागतो. ही शिस्त तुम्हाला नको आहे का?

हिशेबतपासनीस:
येणं एकाचं आणि देणं दुसऱ्याचं, हे तुम्ही सोयीने गाळलंत. पीएफ नोकरदाराचा. व्याज मात्र साबण विकत घेताना कर भरणाऱ्या शेतमजुराच्याही खिशातून जातं, आणि त्याच्याकडे ना पीएफ ना पॉलिसी. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात रुपयातले २४ पैसे कर्जातून आले आणि २० पैसे व्याजात गेले. कर्ज काढून व्याज भरणाऱ्याला आपल्या घरात काय म्हणतात?

आणि शिस्त कसली? गिऱ्हाईक कायद्याने बांधून ठेवलंय. १९९० च्या सुमारास एसएलआर ३८.५ टक्के होता. त्याला लिलाव म्हणायचं?

जमाखर्च:
३८.५ चा १८ झाला, हे तुम्हीच सांगताय. आणि बंधन अठराचं असलं तरी बँका त्याहून जास्त रोखे आपणहून बाळगतात. शेतमजुराचा मुद्दा मात्र खरा आहे. पण तो कर कुणावर लावायचा याचा प्रश्न झाला, रोख्याचा नाही.

जुना कॅशियर:
तुम्ही दोघं आकडे मोजताय. मी काउंटरवर बसलो होतो.

२००२ साली महाराष्ट्र-गुजरातेतल्या काही सहकारी बँकांनी रोखे घ्यायला दलालांना पैसे दिले आणि रोखे आलेच नाहीत. आमची बँक छोटी, तीही त्यात सापडली. फाइलला फक्त दलालाची कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे सौदा झाल्याची चिठ्ठी. ताळेबंदात मात्र "सरकारी रोखे" असं ठळक लिहिलेलं. ठेवी काढण्यावर निर्बंध आल्यावर एक निवृत्त गुरुजी रोज अकरा वाजता समोरच्या बाकावर येऊन बसायचे. पासबुक पुढे करत नसत, बोलत नसत. दोनला उठून जायचे. म्हणून कुणी "सरकारी म्हणजे सुरक्षित" म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो.

कृष्णाकाठ:
काका, यात रोख्याचा काय दोष? कॉन्ट्रॅक्ट नोटेवर पैसे सोडणारं तुमचं संचालक मंडळ. १९९२ च्या हर्षद मेहता घोटाळ्यात बँक रिसीटवर, म्हणजे रोख्यांऐवजी दिलेल्या बँकेच्या पावतीवर, हेच झालं होतं, दहा वर्षांत कुणी काही शिकलं नाही. सहकारातली ही मंडळं म्हणजे सोयरेधायरे, मर्जीतल्यांना कर्जं...

वाळवेकरीण:
थांबा. माझे वडील एकोणीस वर्षं संचालक होते, सभेचा चहासुद्धा स्वतःच्या पैशाने प्यायचे. एका काठीने सगळ्यांना हाकू नका.

कृष्णाकाठ:
तुमच्या वडिलांबद्दल एक शब्द बोललो नाही. पण प्रामाणिक माणसाला रोखे खात्यात जमा झाले की नाही हे तपासता येत नसेल, तर त्या प्रामाणिकपणाचा ठेवीदाराला उपयोग काय?

वाळवेकरीण:
तपासायला शिकवलं कुणी? लेखापरीक्षक दरवर्षी येऊन सही करून जात होते. त्यांना विचारा ना! दरवेळी बोट सहकाराकडेच.

हिशेबतपासनीस:
लेखापरीक्षकांचं मान्य. ती सही प्रत्यक्ष रोखे पाहूनच व्हायला हवी होती. माझ्याच व्यवसायातलं आहे, बोलायला जड जातं.

नवी गुंतवणूकदार:
मूळ विषयावर येते. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेची रिटेल डायरेक्ट, म्हणजे सामान्य माणसाने थेट रोखे घ्यायची सोय, सुरू झाली, मी जानेवारीत तीस वर्षांचा रोखा घेतला. मे २०२२ पासून रेपोचा व्याजदर चढत गेला, ४ वरून ६.५ टक्क्यांवर. मधेच आईच्या ऑपरेशनसाठी विकायला काढला तर भाव पडलेला, आणि एवढ्याशा रकमेला गिऱ्हाईक मिळेना. तोटा सोसून विकला. सरकार बुडणार नाही हे खरं, पण मुदतीआधी विकलं तर मुद्दल पूर्ण मिळेल असं नाही. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक अशीच अडकली. रोखे सरकारीच, पण दर वाढल्यावर पडत्या भावात विकावे लागले.

जमाखर्च:
हे मी लिहायला हवं होतं. व्याजदर चढले की जुन्या रोख्याचा भाव उतरतो, आणि मुदत जितकी लांब तितका जास्त. पैसे लवकर लागणार असतील तर ९१ किंवा ३६४ दिवसांचं ट्रेझरी बिल बरं. तरीही "रोखे बंद करा" याला माझा विरोध कायम आहे.

हिशेबतपासनीस:
बंद करा असं मीही म्हटलेलं नाही. उधारीतून पूल उभा राहिला की जुन्या व्याजाचा हप्ता गेला, एवढं दाखवा. पूल असेल तर मी गप्प बसतो.

वाळवेकरीण:
कॅशियरकाका, त्या गुरुजींचे पैसे मिळाले का?

जुना कॅशियर:
बँक अवसायनात गेल्यावर, म्हणजे कायमची गुंडाळायला काढल्यावर, ठेव विम्याचे एक लाख मिळाले. तेव्हा मर्यादा तेवढीच होती, पाच लाखांची २०२० मध्ये झाली. त्यांची ठेव चार लाखांच्या आसपास होती. चेक घ्यायला त्यांचा मुलगा आला होता.