शब्दचर्चा : जनुकाची 'अभिव्यक्ती' की आणखी काही?

विचारणा
मेंढपाळांसाठीच्या एका माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय. विषय आहे मेंढीतलं बीएमपीआर-१बी हे जनुक, एका वेताला किती कोकरं होतात याच्याशी संबंध असलेलं : त्याचं क्लोनिंग, आणि कोणत्या ऊतीत त्याची किती अभिव्यक्ती होते ते. तीन शब्दांपाशी अडले. क्लोनिंगला 'कृंतन' चालेल? 'ऊती' लिहू की 'ऊतक'? आणि 'अभिव्यक्ती' वाचलं की मला कविता आठवते, जनुक नाही.

प्रतिसाद
'कृंतन' नको, ताई. त्याचं मूळ कापण्यात आहे, आणि प्राणिशास्त्रात उंदीर-घुशींना कृंतक म्हणतात. 'क्लोनिंग'च ठेवा, पण पहिल्याच ओळीत उलगडून सांगा. मेंढी आणि क्लोनिंग म्हटलं की सगळ्यांना डॉलीच आठवते. १९९६ साली स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत जन्मलेली डॉली ही अख्ख्या जनावराची प्रत होती. इथे एका जनुकाचा तुकडा जिवाणूत घालतात. जिवाणू वाढतात तशा त्या तुकड्याच्या प्रती वाढतात. कोकरू जन्मत नाही. मी तर सरळ 'जनुकाच्या प्रती काढणे' लिहीन.

प्रतिसाद
'ऊती'. शाळेच्या पुस्तकात तोच आहे, 'ऊतक' हिंदीतला. संस्कृतात 'ऊत' म्हणजे विणलेलं, आणि इंग्रजी 'टिश्यू'सुद्धा विणण्यावरूनच आलाय. धाग्यांची घोंगडी, तशी पेशींची ऊती, असं लिहिलंत तर धनगराच्या घरात लगेच कळेल.

प्रतिसाद
मी फलटणकडचा, घरी मेंढरं आहेत. आमची दख्खनी मेंढी एका वेताला बहुतेक एकच कोकरू देते. सुंदरबनातली गरोल अंगानं लहान, पण जुळी-तिळी देते. निंबकर कृषी संशोधन संस्थेनं गरोलचा तो गुण दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. तो गुण याच जनुकातल्या बदलाचा. आम्ही म्हणतो, 'गुण उतरला'. अभिव्यक्तीऐवजी 'उतरणं' का नको? शब्द घरचा आहे.

प्रतिसाद
दादा, शब्द मला फार आवडला, तरी इथे तो चुकेल. तुमच्या मेंढ्याचंच घ्या. मानेच्या शिरेतून थोडं रक्त काढलं की जनुकात बदल आहे का ते कळतं, कारण जनुक प्रत्येक ऊतीत असतं. पण मेंढा काही वीत नाही. गुण दिसतो तो त्याच्या लेकींच्या वेतात. तेव्हा 'असणं' वेगळं आणि 'गुण दिसणं' वेगळं. अभिव्यक्ती या दोन्हींच्या मधली पायरी : एखाद्या ऊतीत जनुकावरून आरएनए, म्हणजे जनुकाची कामापुरती नक्कल, तयार होणं आणि त्यावरून प्रथिन बनणं. ते अंडाशयात होतं का हे रक्ताच्या थेंबावरून कळत नाही, अंडाशयाचीच ऊती घेऊन तिच्यातला आरएनए मोजावा लागतो. अंडपेशीत आणि तिच्याभोवतीच्या पेशींत हे जनुक चालू असतं. म्हणूनच प्रथिनातला एवढासा फरक, त्याच्या साखळीत २४९व्या जागी ग्लुटामिन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनिन हे दुसरं, कोकरांच्या संख्येवर दिसतो. न्यूझीलंड, फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या गटांनी २००१ साली हा फरक दाखवला. 'प्रकटन'ही मला याच कारणानं नको वाटतं. त्यात डोळ्यांना दिसणं येतं. 'अभिव्यक्ती' रुळलेला शब्द आहे, राहू द्या, पण नामापेक्षा क्रियापद वापरा : जनुक व्यक्त होतं.

प्रतिसाद
'चालू असणं' हे तुमच्याच लिखाणात सहज आलंय बघा. मेंढपाळाला तेच द्या.

मूळ विचारणा करणारी
मनापासून आभार. शीर्षकात 'अभिव्यक्ती' ठेवते. आत असं लिहिलंय : 'हे जनुक मेंढीच्या अंगातल्या प्रत्येक ऊतीत असतं, पण सगळीकडे सारखं चालू नसतं. ते कुठे किती चालू आहे, म्हणजे किती व्यक्त होतं, हे त्या-त्या ऊतीतला आरएनए मोजून कळतं.' आणि दादा, तुमचं 'गुण उतरणं' नारी सुवर्णाच्या परिच्छेदात घेतलंय, लेकींच्या वेताशेजारी.