वाहून गेलेल्या जनावराचा पुरावा कसा द्यायचा? अमेरिकेतील भरपाईविषयी प्रश्न

प्रश्न
नमस्कार. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीच्या पुरात माढा तालुक्यातील माझ्या काकांच्या पाच दुभत्या गायी गेल्या. तिघींची कलेवरे बांधाला अडकलेली सापडली, दोघी वाहून गेल्या. दर गायीमागे 37,500 रुपये मिळतात आणि तीन जनावरांची मर्यादाही शासनाने त्या पुरानंतर काढून टाकली. तरीही पंचनाम्यात तीनच गायी आल्या, कारण जे दिसले तेवढेच लिहिले गेले. अमेरिकेत शेकडो जनावरे हजारो एकरांवर मोकळी चरतात. तेथे वादळात ती मेली तर मोजणी कोण करते?

उत्तर 1
मी साउथ डकोटाच्या पश्चिम भागात पशुवैद्य आहे. येथे मी नंतर आलो, परंतु ऑक्टोबर 2013 च्या ‘अ‍ॅटलस’ हिमवादळाचा विषय आजही प्रत्येक गोठ्यात निघतो. गुरे उन्हाळी कुरणावरच होती, अंगावर हिवाळ्याचे दाट केस आलेले नव्हते; आधी पावसाने ती चिंब भिजली आणि मग बर्फ पडला. वाऱ्याच्या दिशेने मैलोन्‌मैल चालत, बर्फात बुडालेली कुंपणे ओलांडत ती गेली आणि ओढ्यानाल्यांत पडून मेली. हजारो गुरे दगावली, अनेक मालकांची एकाच ठिकाणी. कोणाचे कोणते, हे डागलेल्या खुणेवरून आणि कानातल्या बिल्ल्यावरून ठरवावे लागले.

भरपाईची योजना ‘लाइव्हस्टॉक इन्डेम्निटी प्रोग्रॅम’. बाजारभावाच्या सरासरीच्या 75 टक्के रक्कम मिळते, पण एरवीही जितकी जनावरे मरतात तितकी आधी वजा होतात. गंमत (खरे तर क्रूर थट्टा) अशी की, वादळ आले तेव्हा या योजनेची मुदत 2011 मध्येच संपलेली होती आणि केंद्राचे कामकाज ठप्प असल्याने काउंटीतील (म्हणजे तेथील जिल्ह्यातील) कृषी कार्यालयांनाही कुलूप होते. फेब्रुवारी 2014 च्या कायद्याने योजना मागील तारखेपासून कायम झाली. तोवर ज्यांनी कलेवरे पुरण्याआधी छायाचित्रे काढली, पशुवैद्याचा दाखला घेतला, त्यांचे अर्ज सरळ गेले.

न सापडलेल्या जनावरासाठी आधीच्या नोंदी चालतात: वासरांची वही, कर्जाची कागदपत्रे, कराचे विवरण. त्यासोबत त्रयस्थ व्यक्तीचे लेखी प्रमाणपत्र लागते; घरचा माणूस किंवा गडी चालत नाही.

उत्तर 2
वरील योजना मृत्यूपुरती आहे. दुष्काळात जनावर जिवंत असले तरी चाऱ्यासाठी वेगळी मदत मिळते, आणि तिच्यासाठी पंचनामा लागतच नाही. दर गुरुवारी दुष्काळाचा नकाशा निघतो. त्यातील ‘अतितीव्र’ रंग काउंटीच्या एखाद्या कोपऱ्याला लागला, तरी सबंध काउंटीतील कुरणधारक पात्र ठरतात. शेजारच्या काउंटीत गवत तितकेच वाळलेले असूनही रंग एक पायरी फिका राहिला, तर रक्कम बरीच कमी किंवा शून्य. आपल्या आणेवारीवर (गावच्या पिकाच्या सरकारी अंदाजावर) चिडणाऱ्यांनी हेही पाहावे.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. वाहून गेलेल्या दोन्ही गायींचे बारा अंकी बिल्ले-क्रमांक लसीकरणाच्या नोंदीत आहेत, आणि शेजारच्या वस्तीवरील दूध संकलकाने त्या आदल्या संध्याकाळी दावणीला पाहिल्या होत्या. त्याचा जबाब व नोंदीची प्रत जोडून पुरवणी पंचनाम्यासाठी सोमवारी तहसील कार्यालयात अर्ज देतो.